श्वानांच्या मज्जाविकारांवर उपचार करणारे पशुवैद्य कसे व्हावे

कुत्र्यांच्या मेंदूचे, मणक्याचे आणि नसांचे आजार बरे करण्याची इच्छा असलेल्या नाशिकच्या विद्यार्थ्याने हे आधीच ध्यानात घ्यावे की, आपल्याकडे या विषयाची स्वतंत्र पदवी नाही. बारावीला जीवशास्त्र घेऊन ‘नीट’ द्यावी आणि पशुवैद्यक पदवीला प्रवेश मिळवावा. एका वर्षाच्या आंतरवासितेसह हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असतो. नाशिकहून जवळचे म्हणजे परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, जे १८८६ पासून सुरू आहे. पुढे दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी, फिट्स आणि मेंदूच्या संसर्गात रस असल्यास औषधवैद्यक, तर मणक्याच्या शस्त्रक्रियांची ओढ असल्यास शल्यचिकित्सा व क्ष-किरणशास्त्र हा विषय घ्यावा. परदेशात मात्र किमान तीन वर्षे रेसिडेन्सी, म्हणजे तज्ज्ञांच्या हाताखाली प्रशिक्षण, करून या एकाच विषयाची तज्ज्ञता परीक्षा देता येते.

पदव्यांपेक्षा अधिक वेळ हाताने केलेल्या तपासणीला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. एमआरआयसाठी कुत्र्याला भूल द्यावी लागते, खर्चही मोठा येतो, आणि मेंदू व मेरुरज्जूच्या नेमक्या कोणत्या भागाचे चित्र घ्यायचे हे तपासणीतूनच ठरत असल्यामुळे बिघाडाची जागा आधी शोधणे हेच या शास्त्राचे मर्म आहे. कुत्रा चालताना पाहावा. पंजा उलटा टेकवल्यावर तो लगेच सरळ करतो का, हे पाहावे. मग प्रतिक्षिप्त क्रिया तपासाव्यात. पुढचे पाय ठीक आणि मागचे लुळे, पण मागच्या पायांच्या प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत असतील, तर दोष बहुधा छातीच्या व कमरेच्या मणक्यांदरम्यान असतो. डॅक्सहुंड जातीच्या कुत्र्यांमध्ये मणक्यांमधील चकती सरकल्याने असे वरचेवर घडते. येथे नवशिक्यांची हमखास फसगत होते: पायाचे बोट चिमट्याने दाबल्यावर पाय मागे ओढला म्हणजे वेदना जाणवली असे नव्हे, कारण ती क्रिया मेरुरज्जूच्या खालच्या भागातूनच घडते. कुत्र्याने मान वळवली, तो कळवळला किंवा चावायला आला, तरच वेदना मेंदूपर्यंत पोहोचली असे समजावे. तीव्र वेदनेची जाणीव शाबूत असलेले बहुतेक कुत्रे शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालू लागतात; ती हरवल्यास ही शक्यता साधारण निम्म्यावर येते, म्हणून निर्णयाला उशीर करू नये.

परदेशी पाठ्यपुस्तकांत ज्यांना फारशी जागा मिळत नाही, असे आजार आपल्या भागात रोज समोर येतात. लस न दिलेल्या पिल्लाचे स्नायू झोपेतही ठरावीक तालात उडत असतील, तर डिस्टेंपर या विषाणूजन्य आजाराचा विचार करावा. निफाड किंवा दिंडोरीच्या द्राक्षबागेतून थरथरत, लाळ गाळत आणि डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावलेल्या अवस्थेत कुत्रा आला, तर कीटकनाशकाची विषबाधा गृहीत धरून आधी फवारणीच्या औषधाचे नाव विचारावे. लसीकरणाची नोंद नसलेल्या आणि वागणे बदललेल्या प्रत्येक कुत्र्यात रेबीजची शंका ठेवावी. या क्षेत्रात काम करू पाहणाऱ्याने स्वतःची प्रतिबंधक लस विद्यार्थिदशेतच घ्यावी.

कुत्र्याच्या पालकांशी बोलणे हाही शिकण्याचाच भाग आहे. फिट दवाखान्यात क्वचितच दिसते, म्हणून मोबाइलवर तिचे चित्रण करण्यास आणि तारीख, वेळ, कालावधी वहीत लिहून ठेवण्यास त्यांना सांगावे. सहा महिने ते सहा वर्षे या वयात सुरू झालेल्या आणि दोन झटक्यांदरम्यान कुत्रा अगदी नीट असलेल्या फिट्स बऱ्याचदा आनुवंशिक प्रकारच्या असतात, आणि त्यांवर फेनोबार्बिटोन हे फिट्स रोखणारे औषध वर्षानुवर्षे द्यावे लागते. झटक्याच्या वेळी तोंडात हात किंवा चमचा घालू नये; झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला, अथवा चोवीस तासांत दुसरा आला, तर कुत्र्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. पंधरा दिवस फिट आली नाही म्हणून गोळ्या आपल्या मनाने थांबवणारे पालक पुष्कळ भेटतात. औषध अचानक बंद केल्यास आधीपेक्षा तीव्र झटके येऊ शकतात, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगून चिठ्ठीवरही ठळक अक्षरांत लिहावे.