बोलक्या विनोदी रिळांचे हौशी संग्राहक, या चुका टाळा

लॉरेल-हार्डीची दोन रिळांची बोलकी कॉमेडी हाती आली, की नवख्याला ती त्याच रात्री भिंतीवर पाहायची असते. घरात असतो जुना मूक प्रोजेक्टर. घात होतो तो इथे. १६ मिमीच्या मूक फिल्मला सहसा दोन्ही कडांना छिद्रं असतात. बोलक्या फिल्मला एकाच कडेला, कारण दुसऱ्या कडेवर ध्वनिपट्टी असते. मूक यंत्राच्या चक्राला दोन्ही बाजूंना दाते, त्यामुळे ते दर फ्रेमला ध्वनिपट्टीत एक भोक पाडत जातात. चित्र झकास दिसत असतं, म्हणून कोणी थांबवत नाही. वीस मिनिटांची ७२० फूट फिल्म अशी निघून जाते. पुढे बोलक्या यंत्रावर लावली, की हार्डीच्या किंकाळीवर सेकंदाला २४ वेळा फटफट. याला इलाज नाही. आधी चक्राचे दाते पाहा, एकाच बाजूला हवेत. मग दोन फूट रद्दी फिल्म फिरवून भिंगाखाली धरा. पाच मिनिटांचा धीर नसेल, तर डीव्हीडी घ्यावी.

आवाज मागे-पुढे होतो? ध्वनी चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापलेला असतो. गेटखालचा, म्हणजे भिंगामागच्या चौकटीखालचा, लूप (फिल्मचा सैल वळसा) मोठा झाला तर आवाज उशिरा येतो, लहान झाला तर आधी. एरवी दोन फ्रेम खपून जातात, पण डोक्यात बसणाऱ्या तव्याचा 'ठण्ण' चुकला की विनोदच मेला. आपोआप फिल्म ओढणाऱ्या यंत्रावर विसंबू नका, लूप हातानं जुळवा.

पार्श्वसंगीत आहे म्हणून प्रिंट मूळची, हाही भ्रमच. लॉरेल-हार्डीची 'परफेक्ट डे' १९२९ मध्ये आली तेव्हा प्रसंगांखाली संगीत नव्हतं. ते १९३७ च्या पुनर्प्रदर्शनात चढवलं. सुरुवातीला ब्लॅकहॉक या अमेरिकी कंपनीची पाटी दिसली, तर ती संग्राहकांसाठी पुढे काढलेली प्रत. चित्र पुष्कळदा उत्तम असतं, भाव मात्र त्या हिशेबानंच द्या.

फिल्मच्या कडेवरच्या, तिचं वर्ष सांगणाऱ्या कोडॅकच्या खुणा दर २० वर्षांनी पुन्हा येत. तीच खूण १९३२ ची आणि १९५२ चीही. कृष्णधवल प्रिंटवर काळी अक्षरं त्या फिल्मची स्वतःची, पांढरी निगेटिव्हवरून उतरलेली.

व्हिनेगरचा वास आला, तर फिल्म सडू लागली आहे. डबा हवाबंद करू नका, आम्ल कोंडून सड वाढते. रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

त्या काळची ३५ मिमी प्रत नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या फिल्मची, असू शकते. ती घरात नको. २००३ ला पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली होती.