पिनबॉल कन्सोलवर नीट कसं खेळायचं

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातल्या दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसते, तेव्हा पीएसवर (प्लेस्टेशनवर) पिनबॉल एफएक्ससारखा गेम लावा भो, मजा येते. पण आधी टीव्हीचा गेम मोड ऑन करा, नाहीतर बटण दाबल्यावर फ्लिपर (टेबलाच्या खालच्या टोकाला बॉल वर उडवणारा छोटा दांडा) जरा उशिरा उचलतो अन बॉल तोवर मधून खाली गेलेला असतो.

नवीन पोरं दोन्ही फ्लिपर एकदम फडफडवतात, ते अजिबात करू नका. ज्या बाजूला बॉल येतोय तेवढाच फ्लिपर वर धरून ठेवा, बॉल त्याच्या कुशीत येऊन थांबतो, मग घाई न करता निशाणा धरा, फ्लिपर सोडला की बॉल टोकाकडे घरंगळतो, उजव्या फ्लिपरच्या टोकाजवळून मारला तर तो डावीकडे जातो अन बुडाजवळून मारला तर उजवीकडेच वर जातो, हे एकदा हाताला बसलं की रॅम्प (बॉल चढवायचे उतार) सापडायला लागतात.

बॉल कडेच्या गल्लीत जायला लागला तर कंट्रोलरच्या स्टिकने टेबलाला हलका धक्का द्या, जास्त धक्के दिले तर टिल्ट होऊन फ्लिपर बंद पडतात अन तो बॉल गेलाच. अन गेममधलं टेबल (खेळायचा पट) रोज बदलू नका, आधी एकच पक्कं करा.