गाडी ठोकली? क्लेम करताना या चुका टाळा

अपघातानंतर विमा कंपनीकडून नुकसान पाहायला येणारा सर्व्हेअर 'चूक कोणाची' हे ठरवायला येतो, ही समजूत आधी डोक्यातून काढा. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल तर चूक तुमची असली तरी तुमच्या गाडीची नुकसानभरपाई मिळते. सांगितलेली हकीकत पत्र्यावरच्या माराशी जुळते का आणि चालवणाऱ्याकडे लायसन होतं का, हे तो तपासतो. कोणी दगावलं किंवा जखमी झालं, तर कोणाची किती चूक हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं. हे ठाऊक नसलं की लोक घाबरून हकीकत बदलतात आणि मिळणारा क्लेम हातानं बुडवतात.

त्यात सगळ्यात महागडी बनवाबनवी म्हणजे ड्रायव्हर बदलणं. पोराकडे शिकाऊ लायसन, गाडी त्यानंच चालवली, फॉर्मवर नाव वडिलांचं. अशी प्रकरणं एकाच वाटेनं जातात. रात्री पोराला ग्रामीण रुग्णालयात नेतात, तिथं तो डॉक्टरांना खरं सांगतो आणि 'गाडी चालवताना' हे शब्द एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांसाठी होणाऱ्या दवाखान्याच्या नोंदीच्या, कागदावर चढतात. सकाळी वडील ठाण्यात वेगळाच जबाब देतात. पुढं कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर दोन्ही कागद शेजारी ठेवतो. स्टिअरिंगचा मार पोराच्या छातीवर, वडिलांना ओरखडाही नाही. खोटी माहिती दिली म्हणून अख्खा क्लेम जातो. गंमत अशी की लायसनवाले वडील शिकवायला शेजारी बसले असते आणि गाडीवर 'एल' लावलेला असता, तर शिकाऊ लायसनवरही खासगी कारचा क्लेम बसतो. खरं सांगून जे मिळालं असतं ते खोटं बोलून घालवलं.

दुसरी चूक कापसाच्या हंगामातली. अंधारात उभ्या ट्रॉलीवर कार मागून आदळते, गर्दी जमते, 'रस्ता मोकळा करा' म्हणत गाड्या बाजूला होतात. फोटो एकच, तोही चेपलेल्या बॉनेटचा. मागून ठोकणाऱ्याकडं बोट आधी जातं, कारण पुढच्या वाहनापासून अंतर ठेवणं त्याचं काम. पण धोकादायक जागी, दिव्याविना वाहन उभं करणं हाही मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 चा भंग आहे, आणि न्यायाधिकरण दोष वाटून देऊ शकतं. दुसऱ्या दिवशी त्या ट्रॉलीला नवी कोरी रिफ्लेक्टर पट्टी दिसली तर नवल वाटून घेऊ नका.

म्हणून जखमींना दवाखान्यात रवाना केलं की गाड्या हलण्याआधी पाच मिनिटं काढाच. तीसेक पावलांवरून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, त्यात किलोमीटरचा दगड किंवा एखादं झाड येऊ द्या. ट्रॉलीची चाकं डांबरावर होती की साइडपट्टीवर, ते दिसलं पाहिजे. मागच्या बाजूचा एक फोटो फ्लॅश लावून घ्या, एक फ्लॅशशिवाय; पट्टी असेल तर फ्लॅशमध्ये चमकतेच. ब्रेकच्या खुणा, फुटलेली काच आणि मडगार्डमधून झडलेली मातीची ढेकळं टिपा, कारण टक्कर नेमकी कुठं झाली ते ही माती बऱ्याचदा सांगते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींचे नंबर घ्या. रोही (नीलगाय) आडवा आला असेल तर बंपरला चिकटलेले केस पुसू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. पोलीस पाटलासमोर 'चूक माझी, भरपाई देतो' असं लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय कबुली देणं पॉलिसीच्या अटीत बसत नाही. रेडिएटर फुटलेली गाडी तशीच घरापर्यंत दामटू नका, त्यानं बसलेलं इंजिन तुमच्या खिशातून. सर्व्हे होण्याआधी ओळखीच्या गॅरेजात डेंटिंग करून टाकणाऱ्याला काय म्हणावं, राजेहो! कोणी जखमी असेल तर 24 तासांत ठाण्यात खबर द्या आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा. आणि साध्या ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती आहे ते पाहा. तो 20 ते 50 टक्के असतो, आणि क्लेम घेतला की साधारणपणे पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येतो.