अचानक ओढवलेल्या प्रसंगात विश्वासाने कसे वागावे

रात्री-अपरात्री आलेला अपघाताचा फोन, तपासणीच्या अहवालात निघालेला आजार किंवा एका पत्राने गेलेली वर्षानुवर्षांची नोकरी, अशा वेळी ख्रिस्ती माणसाने डोळ्यांतून टिपूस काढू नये आणि ‘प्रभूची इच्छा’ म्हणून लगेच सावरावे, अशी अपेक्षा मंडळीतही नकळत बाळगली जाते. पवित्र शास्त्राला ती धरून नाही. लाजराच्या कबरेकडे जाताना स्वतः प्रभू येशू रडला. माझ्या मते अशा प्रसंगी विश्वासणाऱ्यापुढे दोनच कामे असतात: देवापुढे खरे बोलणे आणि हातासमोरचे कर्तव्य करणे. घडले त्याचा अर्थ लावण्याची ती वेळ नसते.

देवापुढे खरे कसे बोलावे, हे स्तोत्रसंहितेतून शिकावे. तेरावे स्तोत्र ‘कोठवर?’ हा प्रश्न परमेश्वराला चार वेळा विचारते आणि मगच भरवशाच्या शब्दांवर येते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपते आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. प्रार्थनेला शब्द सुचेनासे झाले की यांपैकी एक स्तोत्र मोठ्याने वाचावे, जिथे मन अडखळेल तिथे थांबावे आणि आपल्या संकटाचे नाव घेऊन तीच ओळ पुन्हा म्हणावी. राग आला असेल, तर तोही देवालाच सांगावा. तो घरातल्या माणसांवर निघण्यापेक्षा प्रार्थनेत निघालेला पुष्कळ बरा.

दुसऱ्या कामासाठी प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय संथपणे वाचावा. पौल कैदी म्हणून रोमकडे निघाला होता. पुढचा प्रवास धोक्याचा आहे, असे त्याने आधीच सांगितले होते, परंतु कैद्यांना नेणाऱ्या शताधिपतीने, म्हणजे रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याने, तारवाच्या मालकाचे ऐकले. मग वादळ उठले, कित्येक दिवस सूर्य दिसेना की तारे दिसेनात, आणि वाचण्याची आशा सर्वांनीच सोडली. ‘माझे ऐकायला हवे होते’ असे पौल एकदा म्हणतो, पण तिथे रेंगाळत नाही. लगेच धीर द्यायला लागतो. कोणाचाही जीव जाणार नाही, असे देवदूताने त्याला सांगितलेले असते. तरीही खलाशी लहान होडी समुद्रात उतरवून तारवातून पळू पाहतात, तेव्हा तो गप्प बसत नाही आणि हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही, असे शताधिपतीला स्पष्ट बजावतो. देवाच्या अभिवचनावर पूर्ण विश्वास आणि माणसाने घ्यायची पूर्ण काळजी या दोन गोष्टी इथे एकाच माणसात नांदतात, आणि मला हा या अध्यायातला सर्वांत मोलाचा धडा वाटतो. चौदा दिवस धड न जेवलेल्या त्या २७६ माणसांसमोर पौल भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, ती मोडून स्वतः खाऊ लागतो, आणि ते पाहून इतरांनाही धीर येऊन ते जेवतात. पुढे तारू फुटते, सारे जण माल्टा बेटाच्या किनाऱ्याला लागतात, आणि तिथे पौल शेकोटीसाठी काटक्या गोळा करताना दिसतो.

आपणही तसेच वागावे. रुग्णालयात असाल, तर औषधांच्या चिठ्ठ्या, पावत्या आणि अहवाल एका पिशवीत ठेवावेत, डॉक्टरांशी बोलण्याचे काम घरातल्या एकाकडे द्यावे आणि नातेवाइकांचे फोन दुसऱ्याने घ्यावेत. पाळकांना लवकर कळवावे. प्रार्थनेबरोबर कोणती मदत हवी आहे, हेही संकोच न करता सांगावे, कारण रात्री सोबत कोण बसणार आणि मुलांचा डबा कोण करणार, हे मंडळीला आपोआप कळत नाही. दोन घास खावेत व आळीपाळीने झोपावे. खचून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्यालाही देवाने आधी झोप, भाकर आणि पाणी दिले, आणि त्याच्याशी तो नंतर बोलला. घर विकणे, गाव सोडणे, कोणाशी संबंध तोडणे असे निर्णय शक्य तोवर पुढे ढकलावेत.

‘हे माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न येणारच. शिलोहातला बुरूज कोसळून मेलेले अठरा जण यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक पापी नव्हते, असे येशूने लूकच्या तेराव्या अध्यायात स्वच्छ सांगितले आहे. त्यामुळे संकटामागे कोणाचे पाप शोधत बसू नये, स्वतःचेही नाही. भेटायला जाणाऱ्यांनी सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस तेवढे घ्यावेत. तेव्हा ते त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसून होते. त्यांनी तोंड उघडले आणि त्याच्या दुःखात भर घातली. रोमकरांस पत्रातले ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ हे वचन ज्याच्यावर बेतली आहे त्याने स्वतःहून उच्चारले तर त्याला आधार देते. तेच मृताच्या आईला दुसऱ्याने ऐकवले, तर जखमेवर मीठ चोळल्यासारखे होते.

महिन्याभराने येणारी-जाणारी माणसे कमी होतात आणि खरा कठीण काळ तेव्हा सुरू होतो. पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक आणि त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या कामातला त्यांचा उजवा हात असलेली मनोरमा १९२१ मध्ये वारली. रमाबाई स्वतः थकलेल्या होत्या, तरी केडगावचे काम आणि बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी चालू ठेवले. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. एवढे मोठे काम प्रत्येकाच्या हातून होणार नाही. रोजची कुटुंबप्रार्थना, ती पाच मिनिटांची का असेना, चालू ठेवावी, रविवारच्या उपासनेला गाणे जमले नाही तरी जाऊन बसावे, आणि आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर पाळकांबरोबरच मानसोपचारतज्ज्ञांकडेही विलंब न लावता जावे.