ड्राइव्हच्या थंडाव्यासाठी उकळते पाणी: जोडणीची पद्धत

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातल्या ७५ किलोवॅटच्या व्हीएफडी ड्राइव्हची (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या उपकरणाची) कार्यक्षमता ९७ टक्के धरली, तरी पूर्ण भारावर सुमारे २.३ किलोवॅट उष्णता सतत बाहेर काढावी लागते. सोयीसाठी ती सर्व आयजीबीटी मॉड्यूलच्या (ड्राइव्हमधील वीज चालू-बंद करणाऱ्या अर्धवाहक भागाच्या) तळपट्टीतून येते असे मानू. पाणी नुसते फिरवून, त्याचे तापमान १० अंशांपलीकडे न वाढू देता हे काम करायचे, तर सेकंदाला ५५ ग्रॅम पाणी पंपाने ढकलावे लागते. तेच पाणी उकळू दिले, तर सेकंदाला जेमतेम १ ग्रॅम पुरते. शिवाय वाफ स्वतःहून वर जाते आणि पाणी वजनाने खाली येते, त्यामुळे पंप लागत नाही.

आखणी मात्र उकळण्यापासून नव्हे, तर कंडेन्सरपासून (वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करणाऱ्या भागापासून) सुरू करावी, कारण उष्णता शेवटी नाशिकच्या मे महिन्यातील हवेलाच द्यायची असते. पॅनेलच्या खोलीतील हवा ४५ अंश आणि वाफ ६० अंश धरल्यास, हवा ५३ अंशांपर्यंत तापून बाहेर पडावी यासाठी ताशी सुमारे १,००० घनमीटर हवा वाहती ठेवणारा पंखा हवा. समुद्रसपाटीवरचे कोष्टक वापरून पंखा निवडू नये. सुमारे ६०० मीटर उंचीवर हवा विरळ असते.

६० अंशांना उकळण्यासाठी पाण्यावरचा दाब ०.२ बार (वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक पंचमांश) एवढाच असावा लागतो, म्हणजे यंत्रणा निर्वातात चालते. सर्व भाग तांब्याचे असावेत. ॲल्युमिनियम पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन सोडते आणि तो वायू आतच साठत जातो. पाण्याऐवजी एसीमधील आर-१३४ए हे शीतक वापरण्याचा मोह होतो, पण ६० अंशांना त्याचा दाब जवळपास १७ बार असतो. असे दाबपात्र घरगुती जोडणीत बनवू नये.

तळपट्टीला चिकटणारे उकळण्याचे भांडे खाली आणि कंडेन्सर किमान अर्धा मीटर वर बसवावा. येथे नळीच्या व्यासात बहुतेकांची चूक होते. ०.२ बारला १ ग्रॅम वाफ साधारण साडेसात लिटर जागा व्यापते. २८ मिलिमीटरच्या नळीतून ती सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने जाते, तर १५ मिलिमीटरच्या नळीत वेग ५० मीटरच्या पुढे जातो आणि परतणारे पाणी वरच अडकते. परतीची नळी वेगळी, बारीक आणि सर्वत्र उताराची असावी.

ब्रेझिंग (मिश्रधातू वितळवून नळ्यांचे सांधे जोडणे) फ्रिज-एसीच्या अनुभवी कारागिराकडून करून घ्यावे आणि सांधा जोडताना वापरलेला आतील फ्लक्स धुऊन काढावा. मग ३ बार नायट्रोजन भरून प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावावे व दाब चोवीस तास टिकतो का ते पाहावे. दिवसरात्रीच्या तापमानातील फरकाने दाब थोडा हलतो, ती गळती समजू नये.

ड्राइव्ह लगेच जोडू नये. त्याच्या जागी तेवढ्याच क्षेत्रफळाचा, हीटर बसवलेला तांब्याचा ठोकळा लावावा. उकळण्याचा पृष्ठभाग चालू स्थितीतही बुडालेला राहील इतके ऊर्ध्वपातित पाणी भरावे, पंखा बंद ठेवावा आणि कंडेन्सरच्या टोकाची झडप उघडून तापवावे. नाशिकला पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते; आतील हवा निघून जावी म्हणून वाफेचा जोरदार झोत काही मिनिटे बाहेर पडू द्यावा आणि तो चालू असतानाच, जाड हातमोजे घालून झडप बंद करून लगेच हीटर थांबवावा. यंत्रणा ६० अंशांवर असताना ही झडप कधीही उघडू नये, कारण वाफ बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरेल.

यानंतर पंखा लावून हीटर २.३ किलोवॅटवर चालवावा आणि कंडेन्सरचे तापमान त्याच्या सर्व लांबीवर, हाताने नव्हे, तर तापमापकाने तपासावे. शेवटचे टोक बाकीच्या भागापेक्षा बरेच थंड असेल, तर तेथे हवा गोळा झाली आहे. पंखा बंद करून आधीसारखेच पुन्हा तापवून ती काढावी. काही दिवसांनी ते टोक पुन्हा थंड पडले, तर मात्र गळतीच शोधावी लागेल.

हे जमल्यावरच ठोकळा काढून, थर्मल पेस्टचा पातळ थर देऊन मॉड्यूल बसवावे. त्याआधी ड्राइव्हचा पुरवठा तोडून, लेबलवर लिहिलेला वेळ थांबून, कपॅसिटरवरील व्होल्टेज मोजावे. तळपट्टीवर ८० अंशांना ड्राइव्ह बंद करणारा थर्मोस्टॅट जोडावा. पंखा बंद पडला, तर आतील थोडेसे पाणी फार वेळ तग धरत नाही.