‘टेस्ट’ म्हणजे परीक्षा की चव?

देवनागरीत आपण परीक्षेलाही ‘टेस्ट’ लिहितो आणि चवीलाही. इंग्रजीत मात्र हे दोन शब्द कानालाही वेगळे लागतात. त्यामुळे सारख्या उच्चाराच्या शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करण्याआधी थोडी निवडानिवड करावी.

१. आधी जोड्या वेगळ्या काढा. केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचा ऑनलाइन शब्दकोश उघडून दोन्ही शब्दांची उच्चारचिन्हे पाहा. ती तंतोतंत जुळली तरच जोडी खरी. ‘थांबणे’ आणि ‘वजन’ या अर्थांचे ‘वेट’ खरोखर जुळे आहेत. ‘ओले’ या अर्थाचा ‘वेट’ त्यांच्यातला नाही, तो फक्त आपल्याला तसा वाटतो.

२. आपल्याला वाटणाऱ्या जोड्या तोंडानेच सुटतात. परीक्षेतला ‘ए’ आखूड, चवीतला ‘इ’कडे सरकणारा : टेइस्ट. तसेच विकणे म्हणजे ‘सेल’, विक्री म्हणजे ‘सेइल’. पश्चिमेचा ‘वेस्ट’ म्हणताना ओठ गोल होतात. बनियनच्या ‘व्हेस्ट’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. लिहिताना आपण ‘व्ह’ आठवणीने लिहितो, बोलताना मात्र सगळाच ‘व’! आरशासमोर म्हणून पाहा.

३. खऱ्या जुळ्यांपुढे कान हात टेकतो. तिथे व्याकरणाला विचारा. ‘इट्स’ लिहायचे आहे? त्याजागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून वाक्य वाचा. जमले तर ‘टी’नंतर वर ती स्वल्पविरामासारखी खूण द्या, नाहीतर देऊ नका.

‘प्रॅक्टिस’ जरा चकवते. आपल्या शाळांत शिकवतात त्या ब्रिटिश पद्धतीत नामाच्या शेवटी सी-ई, क्रियापदाच्या शेवटी एस-ई. गोंधळ झाला तर ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइज’ आठवा. नियम तोच, पण तिथे फरक ऐकू येतो. अमेरिकन लोक मात्र ‘प्रॅक्टिस’ दोन्हीकडे सी-ईनेच लिहितात.

‘स्टेशनरी’ला व्याकरणापेक्षा खूणगाठ बरी. वह्या-पाकिटांची असेल तर शेवटी ई-आर-वाय, कारण पाकीट म्हणजे एन्व्हलप, आणि त्याची सुरुवात ‘ई’ने. जागचे न हलणारे असेल तर ए-आर-वाय.

४. स्पेलचेकवर विसंबू नका. दोन्ही स्पेलिंगे बरोबर असल्याने तो बहुधा गप्पच बसतो. स्वतःचे हमखास चुकणारे चार-पाच शब्द लिहून ठेवा आणि अर्ज किंवा ईमेल पाठवण्याआधी ‘फाइंड’मध्ये टाकून एकेक तपासा.