सोमवारी 'हाऊ वॉज युअर वीकेंड?' विचारलं की काय बोलायचं

सोमवारी सकाळी चहाच्या मशीनपाशी कुणीतरी हमखास विचारतं, 'हाऊ वॉज युअर वीकेंड?' आणि आपण 'गुड, गुड' म्हणून कप घेऊन सटकतो. मी दोन वर्षं हेच केलं. खरं तर यासाठी अख्खं ग्रामर लागत नाही, सात-आठ क्रियापदं आली तरी भागतं.

सुरुवात रविवारी रात्री करा. काय काय केलं ते आधी मराठीतच मनात म्हणा, सिंहगडला गेलो, पिठलं-भाकरी खाल्ली, घरी येऊन झोपलो. आता यातली क्रियापदं उचला: गोचं वेन्ट, ईटचं एट, कमचं केम, स्लीपचं स्लेप्ट, मग सी-सॉ, मीट-मेट. ही पाठच करायची, दुसरा इलाज नाही. मग मोठ्याने बोलायचं, 'वी वेन्ट टु सिंहगड ऑन संडे. वी एट पिठलं-भाकरी ॲट द टॉप.' पिठल्याला इंग्रजी शब्द शोधत बसू नका, समोरच्याने विचारलंच तर 'अ थिक बेसन करी' म्हणा, उलट त्यावरूनच गप्पा वाढतात.

आता आपल्या नेहमीच्या चुका. 'डिड' आलं की क्रियापद परत मूळ रूपात जातं, म्हणजे 'आय डिडन्ट गो'. मी एकदा भर मीटिंगमध्ये 'आय डिडन्ट वेन्ट एनीव्हेअर' म्हणालो आणि ते कळलं संध्याकाळी बसमध्ये. 'घरी गेलो' म्हणजे नुसतं 'वेन्ट होम', मध्ये 'टु' नाही, पण मावशीकडे गेलात तर 'वेन्ट टु माय आंट्स प्लेस', तिथे 'टु' हवाच. आणि 'वेन्ट फॉर ट्रेकिंग' नाही, 'वेन्ट ट्रेकिंग', शॉपिंग-स्विमिंगचंही तसंच.

कुठेच गेला नसाल तर लाजायचं काय त्यात, 'नथिंग मच, जस्ट स्टेड होम अँड डिड द लॉन्ड्री' म्हणा आणि लगेच 'हाऊ अबाउट यू?' हे विसरू नका हां, कारण समोरचा बोलत असताना आपल्याला पुढचं वाक्य जुळवायला वेळ मिळतो.

शुक्रवारी प्रश्न उलटा येतो, 'एनी प्लॅन्स?' बुकिंग झालं असेल तर 'वी आर गोइंग टु अलिबाग', नक्की नसेल तर 'माइट' वापरा. 'आय माइट जस्ट स्लीप', हे मी जवळपास दर शुक्रवारी म्हणतो.